पेरूचा वास, द्राक्षाची वाट

आमच्या आत्यानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही आणि यापुढंही लावणार नाही. पण हुरड्याच्या दिवसांत पाटोदा तालुक्यातल्या आमच्या शेतावर तिनं माझ्या हातातला ग्लास घेतला, नाकाशी धरला आणि म्हणाली, ‘‘पेरू हाय ह्याच्यात. कच्चा. अन् टमाट्याची पानं चोळल्यावानी.’’ ग्लास परत दिला आणि आगटीत कणसं खुपसायला वळली.

ग्लासात नाशिकच्या द्राक्षांची पांढरी वाइन होती, सॉव्हिन्यों ब्लां. बर्फाच्या डब्यात घालून बीडहून आणलेली. तिच्यात पेरू नव्हता, टोमॅटो तर नव्हताच. द्राक्षाचा रस आणि यीस्ट, एवढंच. तरी आत्या बरोबर होती. जगभरचे चाखणारे या वाइनबद्दल जे लिहितात ते हेच: कच्च्या फळाचा, हिरव्या पानांचा वास. ते ‘गूजबेरी’ म्हणतात, आणि आपण ते मान डोलावून वाचतो. गूजबेरी मी कधी झाडावर पाहिलेली नाही. पेरू मात्र आमच्या विहिरीच्या काठावर आहे.

त्या दिवसापासून मी या वासाच्या मागं लागलो. पेरूचा वास द्राक्षात आला कुठून, ते द्राक्ष नाशिकला आलं कुठून, आणि या सगळ्या प्रवासात आमचं बीड कुठं आहे?

आधी वासाचं. सॉव्हिन्यों ब्लांचा ताजा रस काढून प्यायला तर तो गोड-आंबट लागतो, पण पेरूचा वास त्याला जवळजवळ नसतो. हा वास ज्या रेणूंचा, ते गंधक असलेले थायॉल नावाचे रेणू द्राक्षात असतात खरे. पण अमिनो आम्लाला बांधलेले असतात. बांधलेला रेणू हवेत उडत नाही, म्हणून नाकाला कळत नाही. रस आंबू लागला की यीस्ट ती गाठ सोडवतं आणि वास मोकळा होतो. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात देनी द्युबुर्दियू आणि ताकातोशी तोमिनागा यांनी 1990च्या दशकात हे उलगडून दाखवलं. त्यांनी ओळखलेल्या रेणूंपैकी काही पेरूतही सापडतात. म्हणजे आत्याच्या नाकानं उपमा दिलीच नव्हती. तिनं ओळखीचा रेणू ओळखला होता.

आणि किती थोडा! यातल्या एका रेणूचा वास माणसाच्या नाकाला एका लिटरमागे चार नॅनोग्रॅम असला तरी लागतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर वीस लाख लिटरचं शेततळं भरलेलं आहे आणि त्यात साखरेचे दहा-बारा दाणे टाकले, तर जेवढं प्रमाण होईल तेवढं. एवढ्याशा गोष्टीवर त्या बाटलीची सगळी ओळख उभी असते.

टोमॅटोच्या पानाचा, ढोबळी मिरचीचा जो हिरवा वास येतो तो दुसऱ्या घराण्यातला, पायराझिनांचा. तो द्राक्षात आधीपासून मोकळाच असतो. ऊन लागेल, मणी पिकेल तसा तो उतरतो. थंड देशातल्या वाइनमध्ये तो जास्त राहतो, आपल्याकडं कमी. पेरू पुढं आणि पान मागं, हा जो क्रम आत्यानं लावला तो महाराष्ट्राच्या उन्हाचा आहे असं मला वाटतं.

इथं द्राक्षबागायतदाराला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती चवीच्या गप्पांमध्ये सहसा येत नाही. बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. सांगली-सोलापूर-नाशिकच्या कुठल्याही बागेत हे माप झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. ‘केवडा’ पडला की हे फवारायचं. (द्राक्षाच्या पानांवरच्या या रोगाला आपल्या शेतकऱ्यांनी सर्वांत सुगंधी फुलाचं नाव दिलं आहे, मला याचं नेहमी नवल वाटतं.) हा रोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फ्रान्समध्ये गेला, तिथल्या बागा मरू लागल्या, आणि 1885 साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं मोरचूद-चुन्याचा उतारा जगापुढं मांडला. बोर्दो गावाचं नाव त्या औषधाला चिकटलं आणि ते आपल्या शिवारात ‘बोर्डो’ होऊन आलं. आता गंमत अशी की मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं गंधकाच्या रेणूला धरतं. काढणीच्या तोंडावर फवारणीचं तांबं मण्यांवर राहिलं तर रसातले ते थायॉल त्याला बांधले जातात आणि पेरूचा वास नाहीसा होतो. ज्या औषधानं वेल वाचते तेच औषध अवेळी दिलं तर वेलीचा सुगंध घेऊन जातं. चांगल्या सुगंधी वाइनमागे फवारणी कधी थांबवायची हे अचूक कळणारा एक शेतकरी असतो. त्याचं नाव बाटलीवर नसतं, आणि ते असायला हवं.

आता वेलीचं कूळ. सॉव्हिन्यों ब्लां ही जात फ्रान्सची, पण तिच्या आईबापांपैकी एक सापडला आहे: साव्हान्यां नावाची जुनी पांढरी जात. तिलाच त्रामिनेर म्हणतात. महाराष्ट्रात पांढऱ्या वाइनसाठी लागणारी दुसरी मोठी जात शेनिन ब्लां. तीही साव्हान्यांचीच संतती. म्हणजे नाशिकच्या बागेत शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या या दोन वेली जवळच्या नात्यातल्या आहेत. याच साव्हान्यांच्या वेलीवर कधीतरी एक फांदी वेगळी निघाली, तिचे मणी गुलाबी आणि वास गुलाबाचा. ती गेवुर्त्सत्रामिनेर, सुगंधी पांढऱ्या वाइनींमधली सर्वांत बोलकी. आणि सॉव्हिन्यों ब्लांचा काबेर्ने फ्रां या काळ्या जातीशी कुठल्यातरी बागेत आपोआप संकर झाला, त्यातून काबेर्ने सॉव्हिन्यों आली. आज जगातली सर्वांत प्रसिद्ध लाल वाइन तिची होते. ही गोष्ट 1997 साली कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या जॉन बोवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून सिद्ध केली. आपल्याकडं जशी भावकी, तशी द्राक्षांची भावकी. फक्त यांच्यात बांधावरून भांडण नाही.

पण ही सगळी युरोपातली शाखा झाली. मूळ वेल तिथली नव्हे. द्राक्षाची वाइन केल्याचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा जॉर्जियातल्या मातीच्या रांजणांवर मिळाला आहे, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा. तिथून एक वाट पश्चिमेला ग्रीस, इटली, फ्रान्सकडं गेली. दुसरी पूर्वेला, इराण-अफगाणिस्तानातून आपल्याकडं आली. आणि या दोन्ही वाटा आमच्या बीडच्या आसपास दोनदा येऊन भेटल्या, हे मला या मागोव्यात सर्वांत मोलाचं वाटलं.

पहिली भेट दोन हजार वर्षांपूर्वीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्याला ‘मधु’ म्हटलं आहे आणि त्याचे दोन प्रकार त्याच्या देशावरून सांगितले आहेत: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा मुलूख. पाणिनीलाही कापिशी माहीत आहे. म्हणजे द्राक्षाचं मद्य आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, पण ते उत्तरेचं, महागाचं, गावाच्या नावानं ओळखलं जाणारं होतं. आज आपण ‘नाशिकची’ म्हणतो तसं.

मग सातवाहनांचा काळ. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे. त्यात भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत पहिल्याच ओळींत वाइन आहे: इटलीची सर्वांत पसंतीची, मग सीरियातल्या लाओदिकेयाची आणि अरबस्तानची. राजासाठी वेगळी, उंची. आणि भडोचहून आत गेल्यावरच्या दोन पेठा त्यानं नावानिशी सांगितल्या आहेत: पैठण आणि तगर. पैठणहून अकीक, तगरहून मोठ्या प्रमाणात कापड आणि मलमल, गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. जॉन फ्लीट यांनी 1901 साली ही ओळख पटवली आणि पुढं तिथल्या उत्खननांनी तिला आधार दिला. तेरचं लामतुरे संग्रहालय बघितलं की रोमशी चाललेल्या या व्यवहारावर वेगळा विश्वास ठेवावा लागत नाही.

आता नकाशावर पैठण आणि तेर यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढा. ती बीडवरून जाते. अगदी मधोमध.

त्या गाड्या आमच्या सिंदफणा-बिंदुसरेच्या खोऱ्यातून, बालाघाट चढून-उतरून जात असतील असं म्हणायला नकाशा पुरेसा आहे. मलमल घेऊन गेलेली गाडी परत येताना रिकामी येत नसते, हे कुठल्याही गाडीवाल्याला विचारावं. नेवाशाच्या उत्खननात, म्हणजे पैठणपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या निमुळत्या रांजणांची खापरं मिळाली आहेत. वाइन आणि तेल याच रांजणांतून येत असे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी ते उत्खनन 1950च्या दशकात केलं. इटलीच्या द्राक्षाचा वास गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचला होता, ही आता कल्पना राहिलेली नाही. काही शतकांनंतरच्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छतावर परदेशी पोशाखातली माणसं हातात पेले घेऊन बसलेली आहेत. चित्रकारानं ती मंडळी जवळून पाहिली असणार. टोप्या, पायमोजे, दाढ्या सगळं नेमकं आहे.

पण तेव्हा आलं ते मद्य. वेल इथल्या जमिनीत लागल्याची भक्कम साक्ष चौदाव्या शतकातली आहे, आणि ती साक्ष देणाऱ्या गोष्टीत बीड पुन्हा येतं.

1327 साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. लहानपणापासून आपण हे वेडेपणाचं उदाहरण म्हणून शिकलो. त्या हलवाहलवीत माणसांचे अपार हाल झाले, ते झाकायचं कारण नाही. पण काही वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला आणि त्यानं तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली. त्यात एक बारकावा आहे: ही फळं इथं वर्षातून दोनदा येतात.

हे वाक्य वाचून मी थांबलो. कारण द्राक्षाची छाटणी ज्यानं बघितली आहे त्याला ते लगेच कळतं. फ्रान्समध्ये, इराणमध्ये हिवाळ्यात वेल झोपते. पानं गळतात, बर्फ पडतो, वसंतात डोळे फुटतात, वर्षाला एक पीक. दख्खनमध्ये वेल झोपतच नाही. म्हणून आपले बागायतदार तिला वर्षातून दोनदा छाटतात: उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, काडी तयार करण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. त्या पिकाचे घड जानेवारी ते मार्च-एप्रिलमध्ये काढायचे. दोन्ही वेळा फळ धरलं तर दोन पिकं येतात. तमिळनाडूत आजही घेतात. आपण एकच घेतो, कारण दुसरं पावसात सापडतं. इब्न बतूतानं जे बघितलं ते आपल्याच हवामानाचं वेळापत्रक होतं, आजच्या सातशे वर्षं आधीचं. शेतीचा इतिहास राजांच्या याद्यांपेक्षा अशा एका ओळीत जास्त सापडतो.

आणि बीड? तुघलक दक्षिणेच्या मोहिमेवर गेला, तेलंगणात आजारी पडला आणि परतताना बीडजवळ आला असता त्याचा एक दात पडला. त्यानं तो दात मोठ्या इतमामानं पुरला आणि वर घुमट बांधला, असं फरिश्तानं लिहून ठेवलं आहे. ती वास्तू आजही बीड तालुक्यात माळावर उभी आहे. दौलताबादला द्राक्षं, बीडला दात, असे त्याच सुलतानाचे दोन अवशेष. यातला पहिला शेतीत पसरला.

पसरला म्हणजे लगेच नाही. ही बागायत किल्ल्यांच्या, वाड्यांच्या, विहिरींच्या आश्रयानं टिकली. भोकरी, फकडी, साहेबी, हबशी ही जुन्या दख्खनी द्राक्षांची नावं. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी पांढऱ्या साहेबीतून निवडून काढलेली ‘चिमा साहेबी’ त्याच परंपरेतली. इकडं आपण निजामाच्या राज्यात. 1890च्या सुमाराला हैदराबादेत अब्दुल बाकर खान यांनी लावलेल्या पांढऱ्या, मोठ्या मण्यांच्या जातीला ‘अनाब-ए-शाही’ म्हणू लागले, राजेशाही द्राक्ष. मग थॉम्पसन सीडलेस आली आणि खाण्याच्या द्राक्षांचं चित्रच बदललं. नाव कॅलिफोर्नियाच्या विल्यम थॉम्पसनचं. जात तीच जुनी इराण-तुर्कस्तानकडची सुलताना, आपल्या शिऱ्यातल्या बेदाण्याची. तासगावला तिच्यातून तास-ए-गणेश निघाली, सोलापूरजवळ नान्नजला सोनाका.

वाइनचा आधुनिक भाग थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला इंडेजची उभारणी केली आणि फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी पांढरी वाइन परदेशी पाठवली. तिचं नाव ‘ओमर खय्याम’. इराणी कवीच्या नावानं द्राक्ष पुन्हा पश्चिमेला गेलं, हा योग मला फार आवडतो. 1990च्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी नाशिकला सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली. आईच्या ‘सुलभा’ या नावावरून सुला. पहिल्या बाटल्या 2000 साली. 1997 साली मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं. 2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. अकलूजच्या बाजूला मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली काढली. इटालियन भाषेत त्याचा अर्थ भाऊ. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

बीडला मानांकन मिळालं ते सीताफळाला, 2016 साली. त्याचा आम्हांला अभिमान आहे. बालाघाटच्या मुरमाड उतारावर, ना पाणी ना खत, हे झाड उभं राहतं आणि आश्विन-कार्तिकात धारूर, पाटोदा, आष्टी, अंबाजोगाईच्या बाजारांत पाट्या भरून येतात. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, ‘धारूर-6’ ही निवड तिथली. पण एक गोष्ट इथं सांगावीशी वाटते, कारण द्राक्षाची वाइन म्हटलं की आपल्याकडं ‘हे आपलं नाही’ असं पटकन म्हणतात. सीताफळ मूळ अमेरिका खंडातलं आहे, बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ तसंच मानतात. जुन्या शिल्पांत सीताफळासारखं फळ दिसतं यावर वाद आहे, तो राहू द्या. पेरूही तिकडचाच. मिरची, शेंगदाणा, टोमॅटो हे सगळे सोळाव्या शतकात आणि त्यानंतर, जहाजांतून उतरलेले. दौलताबादेत द्राक्षाची वेल फळत होती तेव्हा मराठवाड्याच्या एकाही स्वयंपाकघरात मिरची नव्हती. हुरड्याबरोबर आमच्या ताटात जी लाल चटणी होती तिच्यातल्या मिरची आणि शेंगदाण्यापेक्षा ग्लासातल्या फळाचा इथला वास जुना आहे. ‘आपलं’ आणि ‘परकं’ हे ठरवताना एवढं तरी मोजून बघावं.

मग वेल दौलताबादहून सोलापूरला गेली, नाशिकला गेली, जालन्याच्या कडवंचीत शेततळ्यांच्या जोरावर घरोघरी गेली; आमच्याकडं ती का स्थिरावली नाही? उंचीचं कारण नाही. बालाघाटचा माथा आणि नाशिकचं पठार यांच्या उंचीत फार फरक नाही. थंडीही पडते, हुरड्याच्या दिवसांत पहाटे घोंगडीतून हात बाहेर काढवत नाही. पाऊस मात्र जेमतेम, तोही बेभरवशाचा. द्राक्षाला ऊस लागतो त्याच्या काही अंशानंच पाणी लागतं, पण ते ठरलेल्या दिवशी, ठिबकनं, न चुकता लागतं. दुष्काळात एक वर्ष पीक बुडतं एवढंच होत नाही. बाग गेली तर मांडव, तारा, खुंट, कर्ज सगळं घेऊन जाते. 1972 झालं, 2012-13 झालं, 2015-16 झालं. ज्या जिल्ह्यातली माणसं दसऱ्यानंतर कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात तिथं एखाद्यानं काही वर्षं धीर धरून वेल लावावी अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण बीड शहराबाहेरची खजाना विहीर बघा. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली. तिच्यातून भूमिगत पाटानं पाणी आपल्या उतारानं शेतांपर्यंत जातं. पाण्याची अक्कल या मातीत नव्हती असं कुणी म्हणू नये. ती चारशे वर्षांपूर्वी होती आणि तिच्यावर बागा उभ्या होत्या.

दारूचा विषय निघाला की बीडमध्ये आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्या गावांनी दारूनं मोडलेले संसार पाहिले आहेत. गावात दारूबंदी व्हावी म्हणून ‘आडवी बाटली’च्या मतदानाला बायका रांगेनं उभ्या राहतात, त्या रांगेचं दुःख मला माहीत आहे, आणि माझं मत त्यांच्याच बाजूला आहे. म्हणून हा लेख कुणाला वाइन प्यायला सांगत नाही. आत्या प्यायली नाही आणि तिचं काही अडलं नाही. मी बोलतो आहे ते नाकाबद्दल. आमच्याकडं तीव्र, स्वस्त, डोळे मिटून घशाखाली ढकलायची दारू शतकभर विकली गेली. तिला वास नसावा असंच पिणाऱ्याला वाटतं. वासासाठी ग्लास हातात धरून थांबणं हा त्याच्या अगदी उलट स्वभाव आहे.

आणि वासाच्या बाबतीत हा मुलूख गरीब नाही. गेवुर्त्सत्रामिनेर आणि मस्कत या द्राक्षांना जो गुलाबाचा वास असतो, त्यातला एक महत्त्वाचा रेणू जिरॅनिऑल. तोच रेणू आपल्या माळरानावरच्या तिखाडीत असतो. तिखाडी म्हणजे रोशा गवत. त्याच्या तेलात तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जिरॅनिऑलचा. खानदेशातून हे तेल मुंबईला जायचं, तिथून तांबड्या समुद्रातून तुर्कस्तानला, आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. युरोपातल्या सभ्य स्त्री-पुरुषांनी कित्येक वर्षं गुलाब समजून आपलं गवत हुंगलं. या द्राक्षांमधला दुसरा रेणू लिनालूल. तो धन्यांच्या तेलात निम्म्याहून जास्त असतो. काळा मसाला करताना तव्यावर धने पडतात आणि घरभर जो गोडसर वास सुटतो, त्याच्या सुरुवातीचा काही क्षणांचा भाग मस्कत वाइनच्या ग्लासात मिळतो. तिखाडी तुडवलेल्या आणि धने भाजलेल्या माणसाला सुगंधी पांढरी वाइन समजायला परदेशी शब्दकोश लागत नाही.

म्हणून चाखायची पद्धत साधीच सांगतो. वाइन दहा अंशांच्या आसपास गार असावी. फार गार असेल तर वास बाहेर येत नाही. ग्लास एक तृतीयांश भरायचा, दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. न हलवता एकदा वास घ्यायचा. मग गोल फिरवून दुसऱ्यांदा. सॉव्हिन्यों ब्लां असेल तर पहिल्यांदा पेरू आणि मोसंबीची साल येते, फिरवल्यावर पान येतं. घोट लहान घ्यायचा, जिभेच्या कडांना आंबटपणा लागू द्यायचा. हुरड्याबरोबर ती मला फार बरी वाटली: हुरडा कोवळा, दुधाळ, गोडसर, त्याला तो आंबटपणा उजाळा देतो. लाल चटणीनं मात्र ती पार झाकली गेली. काळ्या रश्शाबरोबर तर नकोच. चटणी बाजूला सारली आणि भाजलेले शेंगदाणे, खडीसाखर, दही घेतलं तेव्हा दोन्ही नीट लागलं.

आत्याचं वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. नंतर वाइनच्या व्यवसायातल्या एका ओळखीच्या माणसाला ते दाखवलं. त्याच्या कागदावर सहा इंग्रजी शब्द होते. त्यातला एकही आमच्या शिवारात उगवत नाही. महाराष्ट्रात पिकलेल्या द्राक्षाच्या, महाराष्ट्रात आंबवलेल्या वाइनच्या बाटलीमागे कच्चा पेरू, टोमॅटोचं पान, मोसंबीची साल असं मराठीत छापलं, तर तो मजकूर अधिक खरा होईल.

तुमच्या हातात असा ग्लास कधी आलाच, तर पिण्याची घाई करू नका. घरात जे सर्वांत जास्त स्वयंपाक केलेलं माणूस असेल त्याला तो नुसता हुंगायला द्या, आणि ते जो पहिला शब्द उच्चारेल तो लिहून ठेवा.